खांद्यावरचा हात

१

जानेवारी १९५८. मागाठाण्याच्या वरच्या रानात त्या सोमवारी सकाळी असं धुकं उतरलं होतं की पाच हातांवरचा माणूस दिसत नव्हता. आठच्या सुमारास एक जुनी, थोराड जांभूळ कडाडून कोसळली. माणसं धावत गेली, तेव्हा तिच्या फांद्यांखाली मुकादम अनंत वायंगणकर सापडला. उताणा पडलेला, डोळे उघडे, आणि गळ्यात शिट्टी.

त्या रानातून विजेच्या तारांसाठी पट्टा मोकळा करायचं काम चाललं होतं. तोडीला कुऱ्हाडी नव्हत्या. ठेकेदाराने परदेशातून इंजिनावर चालणाऱ्या करवती आणल्या होत्या. दोन माणसांनी दोन टोकांना धरायच्या, मध्ये दात लावलेली साखळी फिरायची. खाली वस्तीत लोक म्हणत, झाडं किंचाळतात. मशीन सुरू झालं की बायका पोरांचे कान झाकत.

तोडीचा नियम साधा होता. मुकादमाने एक शिट्टी दिली की शेवटचा काप घ्यायचा. तीन दिल्या की मशीन जागच्या जागी बंद करायचं. त्या सकाळी तीन लांब शिट्ट्या झाल्या होत्या. शेडमधल्या व्यवस्थापकाने ऐकल्या, स्वयंपाकिणीने ऐकल्या, करवतीवरच्या गड्यांनीही तसंच सांगितलं. तरी मशीन थांबलं नाही. करवतीच्या मुठी होत्या लहूच्या हातात. लहू गोराईचा कोळी. आदल्या दिवशी त्याचं आणि मुकादमाचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

लहूचं म्हणणं एकच होतं: शिट्टी मला ऐकू आली नाही.

बोरिवलीचे फौजदार मधुकर साटम यांचा त्यावर विश्वास नव्हता. कोठडीत ते मागून ‘लहू’ म्हणाले की तो वळत असे. विचारलं की उत्तर देत असे. मग शिट्टीपुरताच हा बहिरा कसा? पण साटम घाईने कोणाला फासाकडे ढकलणारे नव्हते. त्यांनी वझिऱ्याला राहणाऱ्या उत्तरा ताम्हाणे यांच्याकडे माणूस पाठवला. उत्तराबाई गिरगावात मूकबधिर मुलांच्या शाळेत अठरा वर्षं शिकवत होत्या.

निरोप ऐकून बाईंनी आधी नाही म्हटलं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी एका मुलीबद्दल ‘ही सोंग करते’ असं तिच्या आईला सांगितलं होतं. ते चुकलं होतं, हे बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या मुलीने तेवढ्या काळात खाल्लेला मार त्यांना अजून आठवत असे. पण म्हणूनच, थोड्या वेळाने, त्यांनी पेटीतून कान तपासायचे आपले पोलादी काटे काढले, रुमालात गुंडाळले आणि त्या चौकीकडे निघाल्या.

२

लहू तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. बाई समोर बसल्या तसे त्याचे डोळे त्यांच्या ओठांवर गेले आणि तिथेच राहिले. बाईंनी ते पाहिलं.

त्यांनी वेगवेगळ्या उंचीचा सूर देणारे काटे एकेक करून वाजवले आणि त्याच्या कानाशी धरले. खर्जातला काटा ऐकू आला. मधला थोडा आला. वरच्या सुराचे दोन्ही काटे कानाला टेकवले तरी लहू वाट पाहत बसून राहिला, जणू ते अजून वाजवायचे आहेत. शेजारी उभ्या साटमांना मात्र तो सूर दातांपर्यंत झोंबला.

मग बाईंनी वर्तमानपत्राने तोंड झाकलं आणि म्हणाल्या, “साप.”

“आप,” लहू म्हणाला.

“चाप.”

“आप.”

“थाप.”

 तिसऱ्यांदा तेच का विचारतात हे लहूला कळेना.

बाहेर येऊन बाईंनी साटमांना समजावलं. याचा कान पुरुषाचा जाड आवाज पकडतो. बाकीचं तो ओठांवरून वाचतो. वरच्या पट्टीचं सगळं त्याच्यासाठी मेलेलं आहे. पाखरं नाहीत, बांगड्या नाहीत, शिट्टी तर नाहीच. हे सोंग नव्हे. असं सोंग करायला आधी आपल्या कानातून नेमकं काय गेलंय हे माणसाला कळावं लागतं, आणि लहूला तेही ठाऊक नाही.

“म्हणजे अपघात,” साटम म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

बाई साटमांना घेऊन परत आत गेल्या. त्यांनी लहूला सहज विचारलं की शिट्टी ऐकू येत नाही, मग काप कधी घ्यायचा हे तुला कळतं कसं. लहूचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्याने साटमांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. हळूहळू सांगू लागला. शिट्टी ऐकू येत नाही हे दसऱ्यालाच मुकादमाच्या ध्यानात आलं होतं. त्याने शिट्टी शेडमधल्या खिळ्याला टांगून ठेवली. तेव्हापासून तो स्वतः येऊन लहूच्या खांद्यावर हात ठेवी. हात पडला की काप घ्यायचा. थांबवायचं असलं की समोर येऊन दोन्ही हात वर करायचा. हे बाहेर कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण बहिऱ्याला मशीनवर कोण ठेवील?

“आणि त्या दिवशी?”

“हात पडला ना, बाय. म्हणून तर कापली.” तो आपल्या उजव्या खांद्याला जपून हात लावत होता, भाजलेल्या जागेला लावावा तसा. “मुकादम खाली जांभळीच्या वाटेत पडला होता. मंग माझ्या खांद्यावर कोणाचा हात होता?”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी साटम आणि उत्तराबाई रानात गेले. धुकं होतंच. मशीनं बंद होती, तरी तोडलेल्या पट्ट्यात पाऊल टाकताना बाईंच्या अंगावर काटा आला. एवढं रान, आणि एका पाखराचा आवाज नाही.

शेडपाशी व्यवस्थापक विद्याधर पोतनीस सामोरे आले. चाळिशीचे, इस्त्रीच्या पाटलोणीतले, बोलायला मृदू. अनंताचं नाव काढताच त्यांचे डोळे भरले. आपण शेडमध्ये बसलो होतो, तीन शिट्ट्या ऐकल्या, काहीतरी वावगं आहे हे ओळखून धावलो, सगळ्यांच्या आधी पोचलो, असं त्यांनी सांगितलं. अनंताला ओढून काढायचा प्रयत्न केला का, असं साटमांनी विचारलं. छातीवर फांदी होती, जीव गेलेला दिसत होता, म्हणून मी त्याला हातही लावला नाही, ते म्हणाले.

करवतीचं दुसरं टोक धरणारा दत्ताराम शेडच्या ओट्यावर बसला होता. सदऱ्याची बटणं उघडी होती आणि तो दोन्ही पंजे काखेत दाबून डुलत होता. बाईंनी हात दाखवायला सांगितलं. त्याने नाइलाजाने काढले. चारही बोटं मधल्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी होती आणि तिथे रेघ मारल्यासारखा रंग बदलत होता. प्रेताच्या हाताला जिवंत तळवा जोडल्यासारखं दिसत होतं. बाईंनी एका बोटाला टाचणी टोचली. दत्ताराम ढिम्म राहिला.

थंडी असली की असं होतं, त्याने सांगितलं. दहा वाजता ऊन आलं की मुंग्या येतात, मग आग होते, मग बोटं परत येतात. करवतीवरच्या पाचही गड्यांना आहे. रानातलं कोणीतरी बोटांतून रक्त ओढतं असं बायका म्हणतात. मशीन बंद झालं तरी त्याचा आवाज थांबत नाही, हे तर प्रत्येकालाच आहे. जेवताना, देवळात, बायकोशी बोलताना, मागे कुठेतरी ती करवत चालूच असते.

बाईंनी पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने ओठ झाकले आणि त्याला शिट्टीबद्दल विचारलं. दत्ताराम त्यांच्या पदराकडे बघत राहिला. मग त्याची मान खाली गेली.

शिट्टी त्यानेही ऐकली नव्हती. पाचांतल्या एकानेही नाही. पोतनीससाहेब म्हणाले शिट्ट्या झाल्या, म्हणून सगळे झाल्या म्हणाले. ज्याला ऐकू येत नाही त्याला उद्यापासून काम नाही, हे न सांगता प्रत्येकाला कळत होतं. मध्ये जांभळीचं खोड, त्यावर धूर आणि भुसा. लहूच्या मागे कोण उभं होतं हे त्याला दिसणंच शक्य नव्हतं.

“मग शिट्ट्या झाल्याच नाहीत की काय?” साटम पुटपुटले.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली स्वयंपाकीण सुगंधा उठून उभी राहिली. ती मशीनपासून लांब असे, तिचे कान शाबूत होते. शिट्ट्या झाल्या, ती म्हणाली. आणि त्या कुठे झाल्या हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण लोक तिला वेडी म्हणाले असते.

जांभूळ तिथून दोनशे पावलांवर होती. शिट्टी वाजली ती चुलीच्या मागे, कुडाच्या पलीकडे. अगदी कानात.

४

सुगंधाने सांगितलं ते असं. ती भाकरी थापत होती. लांबून मशीनचा आवाज येत होता. एकाएकी कुडाच्या मागे तीन शिट्ट्या झाल्या, इतक्या जवळ की तिच्या हातातली भाकरी राखेत पडली. ती मागे गेली तर नुसतं धुकं. मुकादमाला हाक मारली, ओ आली नाही. परत येते तर पोतनीससाहेब चुलीपाशी उभे होते. म्हणाले, ऐकलंस ना, अनंता शिट्टी देतोय. तेवढ्यात झाड पडलं आणि ते धावले. मेलेला माणूस आपल्याला सांगायला आला होता, अशी सुगंधाची खात्री होती. त्या दिवसापासून ती कुडाकडे पाठ करून बसत नव्हती.

बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि साहेब चुलीपाशी आले तेव्हा कसे दिसत होते ते विचारलं. सुगंधा आठवून म्हणाली, पाटलोण गुडघ्यापर्यंत ओली होती.

 परतताना उतारावर साटम म्हणाले की शेडमध्ये बसलेल्या माणसाला दव लागत नाही, हे मलाही कळतं. पण ओल्या पाटलोणीवर कोर्ट कोणाला धरत नाही. आणि कशासाठी करील हा माणूस असं? अनंता त्याचा उजवा हात होता.

कशासाठी, ते अनंताच्या घरी कळलं. त्याची बायको कुंदा दौलतनगरच्या मागे दोन खोल्यांत राहत होती. ती रडत नव्हती, रागावलेली होती. प्रेत अजून इस्पितळात होतं तेव्हाच पोतनीस घरी आले होते. दारातच म्हणाले, अनंताकडे कचेरीचे काही कागद आहेत, ते द्या. ते मागून झाल्यावर मग रडले. कुंदाला तो क्रम विसरता येत नव्हता. तिने कागद माहीत नाहीत म्हणून सांगितलं होतं.

आता तिने पिठाचा डबा सरकवला आणि खालून एक जाड पुडकं काढलं.

प्रत्येक कागदावर माणसाचा पंजा होता. जिवंत हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली, खाली नाव आणि तारीख. बोटांचा जेवढा भाग पांढरा पडे, तेवढा अनंताने पेन्सिलीने काळा केला होता. लहूचा पहिला कागद पावसाळ्यानंतरचा, त्यात दोन बोटांची टोकं काळी होती. कागद उलटत जावं तसा काळोख पेरापेराने खाली उतरत होता. शेवटच्या कागदावर चारही बोटं मुळापर्यंत काळी होती. प्रत्येक पंजाखाली एकच प्रश्न होता, ‘शिट्टी ऐकू येते का?’ आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर, ‘नाही.’

उत्तराबाईंना ते कागद हातात धरवेनात. पाच माणसं त्यांच्यासमोर हळूहळू बुडत होती.

कुंदाने सांगितलं की पुढच्या आठवड्यात मोठे लोक मशीनं बघायला येणार होते. सगळं पसंत पडलं तर आणखी तीस करवती येणार आणि पोतनीस त्या सगळ्यांवर प्रमुख होणार. अनंता हे कागद त्याच दिवशी पाहुण्यांपुढे ठेवणार होता. लहूशी भांडण झालं तेही याच्यावरून. मुकादम त्याला मशीनवरून उतर म्हणत होता, आणि लहू उतरायला तयार नव्हता.

“यांनी साहेबांना सगळं आधी सांगितलं होतं, खांद्यावरच्या हाताचंसुद्धा,” कुंदा म्हणाली. “लपवून काही करायचं नाही म्हणाले.”

५

चौकीवर बाईंनी शिट्टी पाहायला मागितली. साटमांनी पाकिटातून काढून टेबलावर ठेवली. काळी, जाड दोरी मानेपाशी कापलेली होती. गाठ इतकी बारीक आणि घट्ट होती की इस्पितळात ती सुटली नव्हती.

बाईंनी गाठ दिव्याजवळ धरली. मग केसातला आकडा काढून तिच्या पेडात घातला आणि काहीतरी हळूच ओढून काढलं. सुकून सुरळी झालेला पानाचा तुकडा. त्यांनी तो ओल्या बोटांवर उलगडला, चुरडला आणि साटमांच्या नाकापाशी नेला.

“जांभूळ,” साटम म्हणाले. “मग? जांभळीखालीच तर होता.”

पण सांगता सांगताच ते थांबले. जांभळीची सर्वांत खालची फांदी दोन पुरुष उंचीवर होती. झाड उभं असेपर्यंत हिरवं पान माणसाच्या गळ्यापर्यंत यायचं कारण नव्हतं, आणि खाली पडलेली पानं सगळी लालसर, वाळकी. हे पान हिरवं असताना गाठीत अडकलं होतं. म्हणजे गाठ मारली गेली तेव्हा झाड पडलेलं होतं.

आणि गाठ ज्याच्या गळ्यात होती तो माणूस मेलेला होता.

साटमांनी इस्पितळाचा कागद पुन्हा काढला. घाव डोक्याच्या मागच्या बाजूला. माणूस उताणा, खाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. वरून येणारी फांदी उताण्या माणसाच्या डोक्याला मागून कशी लागेल, हे त्यांना पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. ते तसं बोलूनही गेले.

उत्तराबाईंना मात्र वेगळीच गोष्ट छळत होती. शिट्टी ऐकू येत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक, तो अनंता मरणाच्या तोंडावर शिट्टी कशाला वाजवील? ती लहूसाठी नव्हतीच. ती ऐकू येणाऱ्यांसाठी वाजली होती. मुकादम जिवंत आहे, थांब म्हणतोय, आणि लहू थांबत नाही, हे चार शाबूत कानांत घालण्यासाठी. बाकीचे आपलं बहिरेपण जिवापाड लपवतील आणि हो ला हो म्हणतील, हा त्या माणसाचा हिशेब होता. तो जवळजवळ बरोबर निघाला.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साटमांनी सगळ्यांना पडलेल्या जांभळीपाशी गोळा केलं. लहूलाही आणलं होतं. थंडी होती, झाडांवरून पाणी ठिबकत होतं. साटमांनी करवतीवरच्या पाचही जणांना एकेक काळी दोरी दिली आणि बारीक, घट्ट गाठ मारायला सांगितली.

 पाच धट्टीकट्टी माणसं आपल्या पांढऱ्या बोटांशी झटत उभी राहिली. दोरी निसटायची, खाली पडायची, ते वाकून शोधायचे. दत्तारामाने दातांनी ओढून पाहिलं. लहूच्या बोटांना दोरी लागतेय की नाही हेच त्याला कळत नव्हतं. दोरी कधीच पडली होती आणि तो रिकामीच बोटं फिरवत होता. उत्तराबाईंनी तोंड फिरवलं.

मग त्या पोतनीसांकडे वळल्या. शांतपणे, मुलांना धडा सांगावा तसं सांगत गेल्या. फांद्यांखाली कोणी आहे हे बुंध्यापाशी असलेल्या गड्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून इथे पहिले तुम्ही पोचलात. तुमच्यामागून आली सुगंधा, आणि ती फांद्यांच्या बाहेरच उभी राहिली. बाकीच्यांच्या बोटांचं काय झालंय ते तुमच्यासमोर आहे, त्या सोमवारी तर याहून जास्त थंडी होती. अनंताच्या गळ्यात ही शिट्टी झाड पडल्यावर बांधली गेली. ती गाठ जिवंत बोटांची आहे.

पोतनीस हसायचा प्रयत्न करत म्हणाले की बाईंची कल्पनाशक्ती दांडगी आहे. शिट्टी तर अनंताच्या गळ्यात नेहमीच असे.

“दसऱ्यापासून ती तुमच्या शेडमध्ये खिळ्याला होती,” साटम म्हणाले. “कुंदाबाईंकडे कागद आहेत. तुम्ही मागितलेत, तेच.”

पोतनीसांची नजर कागदांच्या नावासरशी सुगंधाकडे, मग लहूकडे गेली. लहू त्यांच्याकडे रोखून बघत होता. ओठांकडे नाही, हातांकडे. पोतनीसांनी हात खिशात घातले. ती हालचाल सगळ्यांनी पाहिली.

त्यानंतर ते फार वेळ टिकले नाहीत. पाचर ठोकायच्या मोगरीने अनंताला मागून मारलं, झाड पाडायच्या बाजूला घेतलेल्या खाचेच्या रोखाने झाडाच्या वाटेत नेऊन ठेवलं, वर येऊन लहूच्या खांद्यावर हात ठेवला. एवढं जाड खोड कापायला दहा मिनिटं लागणार हे ठाऊक होतं. तेवढ्यात कुडामागे जाऊन शिट्टी वाजवली. हे सगळं त्यांनी त्याच मृदू आवाजात सांगितलं. मग जांभळीच्या बुंध्यावर बसले आणि म्हणाले, “तीस मशीनं येणार होती. पाच माणसांची बोटं कोण मोजणार होतं?”

“अनंता मोजत होता,” उत्तराबाई म्हणाल्या.

लहूला यातलं किती कळलं कोण जाणे. तो सरळ पोतनीसांपाशी गेला. शिपाई पुढे झाले, पण त्याने काही केलं नाही. त्याने पोतनीसांचा उजवा हात खिशातून बाहेर काढला, उचलला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. डोळे मिटून क्षणभर उभा राहिला. मग मान डोलावली आणि तो हात सोडून दिला.

“माणसाचाच होता,” तो म्हणाला.

७

पंजांचे कागद खटल्यात दाखल झाले, आणि उत्तराबाईंनी त्यांच्या नकला करून ज्या ज्या सरकारी कचेरीत शिरता आलं तिथे नेल्या. एका ठिकाणी ठेवून घेतल्या, दोन ठिकाणी परत दिल्या. रानातलं काम दोन महिने बंद राहिलं आणि मग दुसऱ्या ठेकेदाराने कुऱ्हाडींनी सुरू केलं.

लहू पुन्हा मशीनवर गेला नाही. चैत्रात बाई खाडी ओलांडून गोराईला गेल्या. त्याला ओठ नीट वाचायला शिकवायचं त्यांनी कबूल केलं होतं. घरात शिरल्या तर लहू जमिनीवर उताणा झोपला होता आणि त्याच्या उघड्या छातीवर वीस दिवसांची मुलगी पालथी घातलेली होती. मुलगी टाहो फोडून रडत होती. लहूने डोळे मिटले होते.

त्याची बायको कमळ चुलीपासून उठत नव्हती. बाईंना नवल वाटलेलं पाहून तिने सांगितलं की तो मुलीला दुसरीकडे कुठे ठेवू देत नाही. पाळण्यात ठेवली तर ती रडते ते त्याला कळत नाही. छातीवर असली की कळतं.

बाई दाराशीच थांबल्या. मुलगी दमून गप्प झाली, तसे लहूने डोळे उघडले.

“आता थांबली,” तो म्हणाला.